घरातली भीती, घरातला दिलासा

इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोन प्रकारच्या कादंबऱ्या सतत पुढच्या टेबलावर मांडलेल्या दिसतात. पहिला प्रकार घराच्या चार भिंतींत घडणाऱ्या थ्रिलरचा असून त्यात जिवाला धोका परक्याकडून नव्हे, तर नवरा, शेजारी, मालकीण किंवा जिवलग मैत्रीण यांपैकीच कोणाकडून तरी असतो. दुसरा प्रकार मुख्यतः स्त्रीवाचक डोळ्यांपुढे ठेवून छापल्या जाणाऱ्या, मनाला उभारी देणाऱ्या कादंबरीचा असून त्यात खचलेले एखादे माणूस दुसऱ्या माणसांच्या साध्यासुध्या चांगुलपणाच्या आधाराने पुन्हा उभे राहते. दुकानदार या दोहोंना वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात आणि मुखपृष्ठांची रीतही निराळी असते. एकीवर काळोखातली खिडकी आणि पाठमोरी बाई, तर दुसरीवर फिकट, आनंदी रंग. समीक्षकांपैकी अनेकांनी दोहोंची वासलात 'प्रवासात वाचायची पुस्तके' या एकाच शेऱ्याने लावली आहे. वास्तविक या दोन प्रकारांचा उगम एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे भरवस्तीत एकटी पडलेली, जिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही किंवा जिच्याशी कोणी बोलतच नाही अशी स्त्री. हे नाते एकदा ध्यानात आले की दोन्ही प्रकार शेजारीशेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद मिळतो, तो एकाच प्रकाराची पुस्तके ओळीने संपवण्यात मिळत नाही.

थ्रिलर आणि रहस्यकथा हे दोन शब्द मराठीत बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांतला भेद महत्त्वाचा आहे. रहस्यकथेत गुन्हा घडून गेलेला असतो आणि तो कोणी व कशासाठी केला याचा शोध मागे वळून घेतला जातो. थ्रिलरमध्ये संकट अजून डोक्यावर असते आणि पुढे काय होणार या काळजीने पान उलटले जाते. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत ही गोष्ट फार नेमकेपणाने समजावून दिली आहे. दोन माणसे टेबलापाशी गप्पा मारत बसली असताना टेबलाखालचा बॉम्ब एकाएकी फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो; पण बॉम्ब ठेवलेला आहे हे त्याला अगोदरच ठाऊक असेल, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. घरगुती थ्रिलर या तत्त्वाचा उपयोग स्वयंपाकघर, जिना, शेजाऱ्याशी होणारे दोन शब्द यांसारख्या रोजच्या गोष्टींवर करतो, आणि म्हणून त्याची भीती हेरकथेतल्या भीतीपेक्षा अधिक जवळची वाटते.

या प्रकाराला 'डोमेस्टिक नॉयर' हे नाव ज्युलिया क्राउच या ब्रिटिश लेखिकेने २०१३ साली दिले. 'नॉयर' म्हणजे काळोखी; पूर्वी शहराच्या अंधाऱ्या गल्ल्यांत, दारूच्या गुत्त्यांत घडणाऱ्या गुन्हेकथांना हे विशेषण लावीत, ते आता घराला लावले गेले. नाव नवे असले तरी परंपरा जुनी आहे. विल्की कॉलिन्स याची 'द वुमन इन व्हाइट' १८५९-६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर व्यवहारात नवऱ्याचीच सत्ता चाले. पत्नीची संपत्ती बळकावण्यासाठी तिची ओळखच पुसून तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याचा कट हा त्या कादंबरीचा गाभा आहे. विवाहित स्त्रियांना स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा व्यापक हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ साली आला, म्हणजे त्या कादंबरीनंतर दोन दशकांनी. पॅट्रिक हॅमिल्टन याच्या १९३८ सालच्या 'गॅस लाइट' या नाटकातला नवरा पत्नीला तिच्याच स्मरणशक्तीविषयी शंका यावी अशी पद्धतशीर वागणूक देतो. त्यावरच्या १९४४ सालच्या चित्रपटाने इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळवून दिले. २०१२ साली गिलियन फ्लिन हिची 'गॉन गर्ल' आली आणि मंदीत नोकऱ्या गमावून न्यूयॉर्कहून मिझुरीतल्या गावात परतलेल्या एका जोडप्याच्या संसारातून तिने ही सारी परंपरा नव्याने जिवंत केली. नवऱ्याचे निवेदन आणि पत्नीची रोजनिशी आळीपाळीने वाचताना कोणाच्या बाजूने उभे राहावे हे वाचकाला शेवटपर्यंत सुखाने ठरवता येत नाही.

या प्रकाराची ताकद जवळून पाहायची असेल तर पॉला हॉकिन्स हिच्या जानेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द गर्ल ऑन द ट्रेन'कडे वळावे लागते. तिची नायिका रेचेल हिचा घटस्फोट झालेला आहे, दारूच्या व्यसनापायी नोकरी गेलेली आहे, पण ती गेल्याचे घरमालकीण-मैत्रिणीला कळू नये म्हणून ती रोज सकाळी नेहमीच्याच लोकल गाडीने लंडनला जाते आणि संध्याकाळी परत येते. एका सिग्नलपाशी गाडी रेंगाळते, तिथून रुळांलगतच्या घरांच्या मागल्या बाजू दिसतात. त्यांतल्या एका घरातल्या जोडप्याला तिने मनानेच नावे दिली आहेत आणि त्यांचा सुखी संसार मनातल्या मनात रचला आहे. त्याच रांगेत, काही घरे सोडून, तिचे स्वतःचे जुने घर असून तिथे आता तिचा पूर्वीचा नवरा त्याच्या दुसऱ्या पत्नीबरोबर राहतो. मग एके दिवशी त्या जोडप्यातली स्त्री बेपत्ता होते, आणि त्या रात्री रेचेल त्याच भागात होती, एवढेच तिला आठवते. दारूच्या अमलामुळे बाकी सारे पुसले गेले आहे. मुंबईत किंवा पुण्यात रोज गाडीने ये-जा करणाऱ्या वाचकाला खिडकीतून दिसणाऱ्या परक्या घरांविषयी वाटणारे हे कुतूहल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या कादंबरीवरचा इंग्रजी चित्रपट २०१६ साली आणि हिंदी चित्रपट २०२१ साली आला. इंग्रजी चित्रपटाने कथा अमेरिकेत नेली, तर परिणीती चोप्राच्या हिंदी चित्रपटाने ती लंडनमध्येच ठेवली.

रेचेलसारख्या निवेदकाला साहित्यशास्त्रात 'अविश्वासार्ह निवेदक' म्हणतात. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१ साली ही संज्ञा रूढ केली. जो कथा सांगतो त्याच्याच सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण तो खोटे बोलतो, भ्रमात असतो किंवा त्याला सगळे ठाऊक नसते, असा तिचा अर्थ. हॉकिन्सने या तंत्राला एक फार महत्त्वाचे वळण दिले आहे. रेचेलचा स्वतःवरच विश्वास उरलेला नाही, कारण आपण काय केले हे तिला नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळत आले आहे. पोलीस तिला वेडसर समजतात, मैत्रीण कंटाळलेली आहे, आणि वाचकसुद्धा अर्ध्याहून अधिक पुस्तकभर तिच्याकडे त्याच नजरेने पाहतो. शेवटाकडे खरे चित्र उलगडते तेव्हा वाचकाला गुन्हेगार कळतो, आणि त्याबरोबर हेही कळते की एखाद्या बाईला खोटी ठरवणे किती सोपे असते व त्यात आपलाही वाटा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर सतत दडपण आणून, त्याला माणसांपासून तोडून, त्याच्या जगण्यावर ताबा मिळवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असलेला स्वतंत्र गुन्हा ठरला, तो २०१५ च्या डिसेंबरात. कादंबरीमुळे कायदा झाला असे कोणी म्हणणार नाही. पण अंगावर वळ नसलेला छळही छळच असतो ही जाणीव त्या समाजात मुरत होती, आणि कायदा अमलात येण्याआधी अकरा महिने असंख्य वाचकांनी ती एका थ्रिलरमधून अनुभवली, याची दखल घ्यायला हवी.

उभारी देणाऱ्या कादंबरीला इंग्रजी प्रकाशनव्यवसायात 'अप-लिट' म्हणतात आणि हे नाव २०१७ च्या सुमारास रूढ झाले. केवळ गोड शेवट असणे म्हणजे अप-लिट नव्हे. सहानुभूती हा तिचा विषय असतो, आणि त्या सहानुभूतीला किंमत यावी म्हणून आधी खरोखरीचे दुःख दाखवावे लागते. रेचेल जॉइस हिची २०१२ ची 'द अनलाइकली पिल्ग्रिमेज ऑफ हॅरल्ड फ्राय' ही तिची एक प्रमुख पूर्वसुरी. निवृत्त झालेला एक अबोल गृहस्थ मरणपंथाला लागलेल्या जुन्या सहकारी बाईला लिहिलेले पत्र पेटीत टाकायला निघतो आणि एका पेटीवरून दुसऱ्या पेटीकडे जात जात इंग्लंडच्या दक्षिण टोकाकडून उत्तर टोकापर्यंत पायी चालत जातो. पंढरीची वारी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या चालण्यातली ओढ लगेच उमगावी. फरक इतकाच की हॅरल्डबरोबर दिंडी नाही, त्याला वाटेत भेटतील तेवढीच माणसे त्याची.

या प्रकाराला खरे बळ दिले ते गेल हनीमन या स्कॉटिश लेखिकेच्या 'एलिनॉर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन' या २०१७ सालच्या पहिल्याच कादंबरीने. तिला त्या वर्षीचा पदार्पणाच्या कादंबरीसाठीचा कोस्टा पुरस्कार मिळाला. एका वृत्तपत्रातल्या एकटेपणावरच्या लेखात, विशीच्या शेवटाकडे आलेल्या एका नोकरदार मुलीने शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून निघाल्यापासून सोमवारी परत जाईपर्यंत अनेकदा कोणाशीच बोलणे होत नाही असे सांगितलेले हनीमनच्या वाचनात आले आणि त्यातून ही कादंबरी सुचली. एलिनॉर ग्लासगोतल्या एका डिझाइन कंपनीत हिशेबाचे काम करते, दुपारी एकटीच वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत जेवते, शुक्रवारी पिझ्झा आणि व्होडकाच्या दोन बाटल्या घरी आणते, आणि ती व्होडका दोन दिवसांत पुरवून पुरवून पिते, म्हणजे धड शुद्ध नाही आणि धड नशाही नाही अशा अवस्थेत सोमवार उगवतो. दर बुधवारी तिला आईचा फोन येतो, आणि त्या संभाषणातला विखार वाचताना अंगावर काटा येतो. कचेरीतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रेमंड आणि ती, असे दोघे मिळून रस्त्यात कोसळलेल्या एका म्हाताऱ्याला मदत करतात, इथून तिच्या आयुष्यात माणसे यायला लागतात. पुस्तकाचे चांगले दिवस, वाईट दिवस आणि अधिक चांगले दिवस असे तीन भाग आहेत. शेवटच्या भागाला 'सर्वोत्तम दिवस' असे नाव देण्याचा मोह हनीमनने टाळला, आणि या संयमातच कादंबरीचा प्रामाणिकपणा आहे. रेमंडशी तिचे लग्न लावून देण्याची सोपी वाटही तिने घेतलेली नाही. एकटेपणाचा हा विषय कादंबरीपुरता राहिला नव्हता; पुढे जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्यावर खास जबाबदारी सोपवली. खून झालेल्या खासदार जो कॉक्स यांनी सुरू केलेल्या कामातून तो निर्णय आला होता.

आता रेचेल आणि एलिनॉर यांना समोरासमोर बसवून पाहावे. दोघी एकट्या, दोघी दारूच्या आधाराने दिवस ढकलणाऱ्या, दोघींच्या स्मृतीत एक पुसलेली जागा, आणि दोघींविषयी भोवतालच्या माणसांनी 'विचित्र बाई' असे मत बनवून टाकलेले. एलिनॉरच्या भूतकाळातली मुख्य गोष्ट हनीमन शेवटच्या पानांपर्यंत झाकून ठेवते आणि थ्रिलरच्या लेखिकेइतक्याच कसबाने तिचे धागे पेरत जाते. रेचेलच्या कथेतही खरा दिलासा गुन्हेगार सापडण्यापेक्षा तिचा स्वतःवरचा विश्वास परत येण्यात आहे. एका कादंबरीत दाराबाहेर कोण उभे आहे या भीतीने धडधड होते, तर दुसरीत दार कोणीतरी वाजवावे या आशेने.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही, कारण लिहिणारे हातही पुष्कळदा तेच आहेत. हॉकिन्स आधी आर्थिक विषयांची पत्रकार होती, तिने स्त्रियांसाठी पैशाच्या नियोजनावर पुस्तक लिहिले होते, आणि 'एमी सिल्व्हर' या टोपणनावाने तिच्या प्रेमकथाही प्रसिद्ध झाल्या होत्या. लिसा ज्यूएल हिची पहिली कादंबरी 'राल्फ्स पार्टी' १९९९ साली आली, ती लंडनमधल्या एका इमारतीतल्या तरुण भाडेकरूंची खेळकर प्रेमकथा होती. आज तीच ज्यूएल घरगुती थ्रिलरची आघाडीची लेखिका आहे. तिच्या २०२३ च्या 'नन ऑफ धिस इज ट्रू'मध्ये एकाच दिवशी जन्मलेल्या दोन बायका पंचेचाळिसाव्या वाढदिवशी योगायोगाने भेटतात, एक दुसरीच्या पॉडकास्टसाठी स्वतःची कहाणी सांगू लागते आणि हळूहळू तिच्या घरातच शिरते. माणसे एकमेकांच्या किती जवळ आली म्हणजे आधार होतो आणि किती जवळ आली म्हणजे धोका होतो, हे प्रेमकथा लिहिताना शिकलेले तारतम्य तिला थ्रिलरमध्ये उपयोगी पडले आहे.

अलीकडच्या पुस्तकांत फ्रीडा मॅकफॅडन हिची २०२२ ची 'द हाउसमेड' वगळून चालणार नाही. हेही टोपणनाव असून लेखिका मेंदूच्या दुखापतींवर उपचार करणारी अमेरिकी डॉक्टर आहे. ही कादंबरी बुकूचर या, मुख्यतः ई-पुस्तके काढणाऱ्या ब्रिटिश प्रकाशनाने आणली. स्वस्त ई-पुस्तकांमुळे वाचकाला अनोळखी लेखिकेचे पुस्तक घेऊन पाहणे परवडते, आणि थ्रिलरच्या प्रसाराला या व्यवहाराचा मोठा हातभार लागला आहे. तुरुंगातून सुटलेली मिली एका श्रीमंत घरात राहून काम करणारी बाई म्हणून लागते, तिला माळ्यावरची खोली मिळते, आणि त्या खोलीचे कुलूप बाहेरच्या बाजूने आहे हे तिच्या लक्षात येते. एवढ्या एका तपशिलात मालक आणि नोकर यांच्यातले सगळे नाते सामावले आहे. मॅकफॅडनची भाषा साधी, कधीकधी पातळच आहे आणि तिच्या पुस्तकांतल्या कलाटण्यांचा साचा दोन-तीन पुस्तकांनंतर ओळखीचा होतो. पण जिला कामावरून काढले तर झोपायला जागा नाही अशा बाईची अगतिकता तिने जितकी ठसठशीत उभी केली आहे, तितकी पुष्कळ गंभीर कादंबऱ्यांनाही साधलेली नाही.

त्याच वर्षी आलेली बॉनी गार्मस हिची 'लेसन्स इन केमिस्ट्री' दुसऱ्या कपाटातली. साठी ओलांडलेल्या लेखिकेची ही पहिली प्रकाशित कादंबरी. १९५०-६० च्या दशकांतल्या कॅलिफोर्नियात एलिझाबेथ झॉट ही रसायनशास्त्रज्ञ संशोधनसंस्थेतून बाहेर फेकली जाते, दूरदर्शनवर पाककृतींचा कार्यक्रम करू लागते, आणि स्वयंपाकाच्या निमित्ताने घरोघरच्या बायकांना रसायनशास्त्र शिकवते. ती खाली वाकून, गोड हसून काही सांगत नाही. समोरच्या गृहिणीला हे कळेल असे ती गृहीत धरते, आणि त्या गृहीत धरण्यानेच प्रेक्षक बायका ताठ होतात. शेवटाकडे योगायोग जरा जास्तच जुळून येतात हे मान्य केले पाहिजे, परंतु बौद्धिक काम हिरावून घेतल्याचा संताप इतक्या उघडपणे मांडणारी कादंबरी केवळ 'हलकीफुलकी' म्हणून विकली जावी, ही तिच्यावर अन्यायाची गोष्ट आहे.

या अन्यायाचे मूळ 'स्त्रियांची कादंबरी' या शिक्क्यात आहे. पुरुषांनी पुरुषांविषयी लिहिले की ती नुसती 'कादंबरी' होते. थ्रिलरवरचा आक्षेप याहून गंभीर आहे: मारली, पळवली किंवा छळली गेलेली बाई हाच ज्याचा कच्चा माल, त्या साहित्याची मजा कशी घ्यावी? २०१८ साली ब्रिटनमध्ये ब्रिजेट लॉलेस हिने 'स्टॉन्च' नावाचा पुरस्कार सुरू केला, तो ज्या थ्रिलरमध्ये एकाही स्त्रीला मारहाण, पाठलाग, लैंगिक शोषण, बलात्कार वा खून यांना तोंड द्यावे लागत नाही अशाच पुस्तकासाठी होता. त्यावर अनेक गुन्हेकथा-लेखिकांनीच आक्षेप घेतला, कारण बायकांवर होणारी हिंसा जगात चालू असताना ती पुस्तकातून पुसून टाकणे म्हणजे त्यांना पुन्हा एकदा गप्प बसवणे होय. पटणारी बाजू या लेखिकांचीच वाटते. कसोटी हिंसा आहे की नाही ही नसून, जिच्यावर ती होते तिला पुस्तकात स्वतःचा आवाज आहे की ती पहिल्या प्रकरणातले नुसते प्रेत आहे, ही असायला हवी.

मराठी वाचनसंस्कृतीतही ही दोन कपाटे होती. वाचनालयाच्या एका फळीवर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, पुढे सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी. दुसऱ्या फळीवर योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांच्या कौटुंबिक कादंबऱ्या. पहिल्या फळीवर साहस बहुधा पुरुषांचे होते आणि दुसरीवर सोसणे बहुधा बायकांचे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने मात्र घराच्या आतली घुसमट इतकी स्पष्ट मांडली की लेखिका कोण याचाच शोध सुरू झाला. त्या घुसमटीला रहस्यकथेच्या तंत्राची जोड देऊन घर हेच संकटाचे ठिकाण मानणारी लोकप्रिय मराठी कादंबरी अजून पुरेशी रुजलेली नाही. आजच्या लेखिकांसाठी इथे भरपूर जागा मोकळी आहे.

या पुस्तकांची गोडी वाढवण्याचा एक साधा मार्ग म्हणजे रहस्य कळल्यानंतर ती पुन्हा वाचणे. पहिल्या वाचनात वाचक घटनेमागे धावतो, तर दुसऱ्यात लेखिकेने काय लपवले यापेक्षा काय उघड्यावर ठेवले होते हे त्याला दिसू लागते. 'एलिनॉर ऑलिफंट'मधले बुधवारचे फोन दुसऱ्यांदा वाचताना त्यातले प्रत्येक वाक्य निराळ्या अर्थाने ऐकू येते. 'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये तर पूर्वीच्या नवऱ्याच्या तोंडची समजुतीची, सहनशील वाटणारी वाक्ये पहिल्या काही प्रकरणांतच वाचकाच्या हातात दिलेली असतात, आणि पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकजण ती खरी मानून पुढे जातो.